बारमाही हिरवी बाग हवी असेल तर आधी मे महिन्यात ओढ्याकाठी फिरून या

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. सासवडजवळ सहा गुंठ्यांचा प्लॉट, मधोमध घर. जमीन वरून फूट-दीड फूट काळी, खाली मुरूम. बोअरचे पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरते, पुढे टँकर. पाच वर्षांपूर्वी लावून घेतलेले ड्युरांटाचे कुंपण, फॉक्सटेल पाम आणि लॉन दर उन्हाळ्यात करपून जाते. आता आपल्याकडचीच झाडे लावायची आहेत, पण बाग बारा महिने हिरवी दिसली पाहिजे. शिवाय नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातला जुना कडुनिंब ठेवायचा की काढायचा, हेही तुम्ही विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे रोपवाटिका चालवतो आहे आणि पुणे-सातारा भागात बागा करून देतो. अशी बाग होते, तुमच्या पाण्यावरही होते. फक्त झाडांची यादी हातात घेण्याआधी एक काम करा. येत्या मे महिन्यात, अगदी ऐन उन्हाळ्यात, सकाळी लवकर कऱ्हेच्या काठाने आणि आसपासच्या ओढ्यांनी दोन-तीन तास चाला. जुन्या देवळांची आवारे बघा. पुरंदरच्या उतारावर जमेल तेवढे वर चढा. कुणीही पाणी न घालता त्या दिवसांत जे झाड हिरवे उभे आहे, ते तुमचे झाड. ते कुठे उभे आहे तेही नीट बघून ठेवा. ओढ्यात आहे, बांधावर आहे की उघड्या मुरमावर? तुमच्या प्लॉटमध्येही त्याला तशीच जागा द्यायची आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. २००४ साली फलटणजवळच्या एका बंगल्यात मी आठ नागकेशर लावले. नागकेशराची कोवळी पालवी लालबुंद येते, फूल पांढरेशुभ्र, आत पिवळा केसर, आणि झाड आपल्या सह्याद्रीतले. मालक खूश, मीही खूश. पहिल्या मार्चमध्ये पानांच्या कडा करपल्या. दुसऱ्या वर्षी शेंडे वाळले. टँकर लावले, हिरवी जाळी बांधली, तरी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर एकही उरला नाही. त्याच बंगल्याच्या मागच्या ओढ्यात कुणी न लावलेले एक जांभूळ तोपर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेले होते. नागकेशर सह्याद्रीतला खरा, पण जिथे धो धो पाऊस पडतो आणि हवेत ओल टिकते त्या सह्याद्रीतला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तुमच्याकडे सासवडला पाचशे-सहाशेच्या आसपास. सरळ रेषेत अंतर फार नाही, पण झाडाच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत. म्हणून ‘देशी’ एवढी एक पाटी बघून रोप उचलू नका. देशी कुठले, हे विचारा.

दुसरी गोष्ट ‘सदाहरित’ या शब्दाची. सदाहरित झाडाचीही पाने गळतात, वर्षभर थोडी थोडी गळत राहतात. फरक एवढाच की जुने पान पडायच्या आत नवे आलेले असते, म्हणून झाड कधी उघडे दिसत नाही. तुमच्या भागातली मूळ वृक्षराजी मात्र बहुतेक पानगळीची आहे. पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकून फुलतात. पाणी वाचवायची ती त्यांची रीत आहे. आपल्याला त्या रानातली मोजकी, ओल धरून राहणारी झाडे निवडून बागेचा कणा उभा करायचा आहे. आणि एक-दोन झाडे अशी चालतील की जी आठ-पंधरा दिवस भुंडी होतात, पण ऐन एप्रिलमध्ये कोवळ्या पालवीने भरून जातात. बाहेर सगळे पिवळे पडलेले असताना बागेत सर्वांत ताजा हिरवा रंग तीच देतात.

अशा झाडांत माझा पहिला क्रमांक करंजाला. करंजाला लोक नाक मुरडतात, रस्त्याकडेचे झाड म्हणतात. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या उन्हात करंजाखाली उभे राहून वर बघा. पान इतके कोवळे आणि चकचकीत असते की ऊन त्यातून गाळून खाली येते आहे असे वाटते. काळी जमीन, मुरूम, थोडे खारट पाणी, सगळे त्याला चालते. पानांवर बारीक फोड येतात, तेव्हा लोक घाबरून माझ्याकडे फांदी तोडून घेऊन येतात. अतिसूक्ष्म कोळी-किडीमुळे (माइट) त्या गाठी होतात. झाडाला त्याने काही होत नाही, फवारणी करू नका. पश्चिमेच्या कुंपणालगत, एकमेकांपासून वीस फुटांवर दोन करंज लावा. दुपारी दोननंतरचे ऊन घराच्या भिंतीवर यायच्या आधी तेच अडवतील.

वायव्येच्या कोपऱ्यात एक जांभूळ. एकच पुरे. जांभूळ मोठे होते, पाच-सहा वर्षांत घराच्या छताला भिडते, आणि जूनमध्ये खाली जांभळा सडा पडतो. गाडी लावायची जागा, पायवाट, धुणे वाळत घालायची दोरी यांपासून ते लांब हवे. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, तेही बघा. लागवडीच्या वेळी काठीएवढे दिसणारे रोप वीस वर्षांनी केवढे होईल, हे डोळ्यांसमोर आणूनच जागा ठरवायची. नगरपालिकेच्या हद्दीत तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. चुकीच्या जागी लावलेले झाड म्हणजे पुढे झाडाचेही हाल आणि तुमचेही.

दारासमोर दोन बकुळी. बकुळीबद्दल मी किती लिहू! दाट, गोल, काळपट हिरवा डेरा, पानाच्या कडा जरा लाटेसारख्या, धूळ बसली तरी एका पावसात लखलखीत. ऐन मेमध्येही तिच्याखाली सावली घट्ट असते. फुले सुकली तरी वास धरून ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. पिकलेली केशरी फळे वटवाघळे आणि पाखरे खातात. पण बकूळ सुरुवातीला फार संयम बघते. पहिली दोन-तीन वर्षे जागची हललीच नाही असे वाटते. खाली मुळे मुरमात वाट शोधत असतात. त्या काळात कंटाळून जास्त खत घालू नका, उपटून दुसरीकडे तर मुळीच लावू नका. चौथ्या पावसाळ्यापासून ती उठते.

दक्षिणेला एक पुत्रंजीव आणि एक खिरणी, म्हणजे रायणी. पुत्रंजीवाच्या फांद्या खाली झुकतात, पान गर्द, झाड आपोआप बांधेसूद राहते, कात्री लावावी लागत नाही. खिरणी तर कोरड्या दख्खनची राणीच म्हणा. चिवट इतकी की चिकूचे कलम तिच्याच खुंटावर बांधतात. वाढ मात्र अतिशय सावकाश. ती तुम्ही नातवंडांसाठी लावता आहात असे समजा. त्या जागी लवकर आडोसा हवा असेल तर खिरणीच्या पुढ्यात कढीपत्त्याची दोन-तीन झाडे लावा, ती झपाट्याने भरतात.

तुमच्या मनात सीता अशोक असणार, जवळपास प्रत्येकाच्या असतो. आधी एक घोळ दूर करतो. शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणाला सरळसोट खांबासारखा उभा असतो तो हा नव्हे, तो आसुपालव. सीता अशोकाचा डेरा पसरट, कोवळी पाने मऊ लोंबती तांबूस, आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात. नर्सरीत ‘सराका अशोका’ असेच नाव घेऊन मागा, नाहीतर दुसरेच हातात पडेल. हे झाड ओढ्याकाठच्या ओलसर सावलीतले आहे. तुमच्याकडे उघड्या उन्हात लावले तर पाने कागदासारखी भाजतील. तरीही एक लावता येईल, जागा शेवटी सांगतो.

आता कुंपण. ड्युरांटा मूळचे अमेरिकेतले. ते सतत कापावे लागते आणि पाणी तुटले की तपकिरी पडते. त्याच्या जागी रस्त्याच्या बाजूने करवंदी लावा. करवंदीची जाळी पुरंदरच्या उतारावर मेमध्ये जशी हिरवी असते तशीच तुमच्या कुंपणालाही राहील. जाड चामड्यासारखे पान, जोडीजोडीने काटे, चिकट चीक, त्यामुळे आत शिरायची कुणाची छाती होत नाही. दोन ओळी, झाडात अडीच फूट, वरच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध खालच्या ओळीतले एक. तीन वर्षांत मिटते. रोपे विकत घ्यायची गरज नाही. मेअखेरीस पिकलेली करवंदे आणा, खा, बी राखेत चोळून धुवा आणि त्याच आठवड्यात पिशवीत टोका. ही बी वाळवून ठेवली की उगवण जाते. जांभळाच्या आणि कडुनिंबाच्या बियांचेही तसेच. पायवाटेच्या आणि मुलांच्या खेळायच्या जागेच्या बाजूला मात्र करवंदी नको, काटा खोल जातो.

त्या बाजूंना अडुळसा. शेळी तोंड लावत नाही, पाणी जवळजवळ मागत नाही, पावसाळ्यात वीतभर छाट्या खोचल्या की कुंपण तयार. हिवाळ्यापासून पांढरी फुले येतात आणि त्यांवर काळे भुंगे दिवसभर असतात. घराच्या खिडकीसमोर जरा देखणे हवे असेल तर कुंती, जिला नर्सरीवाले कामिनी म्हणतात. बारीक चकचकीत पान, कात्रीला उत्तम. उन्हाळ्यात ताण बसून पहिली वळवाची सर पडली की थोड्याच दिवसांत अख्खे झाड पांढरे होते आणि घरभर वास सुटतो.

एक झाड तुम्ही मागितले नाही, पण मी आग्रहाने सांगेन. माकडलिंबू. लहानखुरे, काटेरी, गर्द हिरवे, लिंबाच्याच कुळातले. बागेत शोभेला म्हणून कुणी लावत नाही, नर्सरीतही शोधावे लागते. पण आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, ज्याला २०१५ साली हा मान मिळाला, त्याची मादी अंडी घालायला लिंबाच्या कुळातली अशीच झाडे शोधते. कोवळ्या पानावर पाखराची शीट पडल्यासारखा पांढरट-तपकिरी ठिपका दिसला तर बोटाने पुसू नका, ती अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. चार पाने खाईल, खाऊ द्या. कढीपत्त्यावरही अशाच दिसणाऱ्या अळ्या येतात, त्या याच घराण्यातल्या कॉमन मॉरमॉनच्या. तिथेही तेच.

फाटकावरच्या कमानीला माधवीलता चढवा. तिलाच हळदवेल म्हणतात. पांढऱ्याची गुलाबी-लाल होत जाणाऱ्या झुबक्यांची मधुमालती वेगळी, नर्सरीत दोघींची नावे सर्रास अदलाबदल होतात. माधवीलतेचे फूल पांढरे, कडा झालरीसारख्या, मध्ये एका पाकळीवर पिवळा डाग. वेल पुढे मनगटाएवढी जाड होते, म्हणून कमान लोखंडी आणि भक्कम हवी.

लॉन काढाच. हिशेब सांगतो. उन्हाळ्यात गवताला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एका गुंठ्याच्या, म्हणजे १,०८९ चौरस फुटांच्या हिरवळीला ते रोजचे पाचशे लिटर होते. मी सांगितलेली आठ मोठी झाडे दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला प्रत्येकी साठ लिटरवर तगतात. म्हणजे गवत जेवढे एका दिवसात पिते तेवढ्यात तुमची सगळी झाडे आठवडा काढतात. मोकळ्या जमिनीवर झाडांचाच पालापाचोळा चार-चार बोटे जाड पसरा. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, म्हणजे वाळवी पाल्यावर राहील, सालीवर चढणार नाही. माझ्या बागांमध्ये पाला जाळायला सक्त मनाई आहे. जी ओल तुम्ही टँकरने विकत आणता, ती धरून ठेवणारे पांघरूण आपणच पेटवून द्यायचे, हे मला बघवत नाही.

खड्ड्यांबद्दल नीट ऐका, कारण तुमच्या जमिनीत निम्मी झाडे इथेच जातात. वर काळी आणि खाली मुरूम अशा जागी खड्डा काळ्यातच थांबवला तर पावसाळ्यात त्याचे भांडे होते, पाणी साचते, मुळे कुजतात. आणि आपल्याला वाटते पाणी कमी पडले. दोन फूट लांब-रुंद, आणि खोली मुरूम लागून त्यात निदान सहा इंच पहार जाईल एवढी. खड्डा झाला की दोन बादल्या पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ कोरडा दिसला तर उत्तम. पाणी तसेच असेल तर पहारीने तळाला आणखी भोके पाडा. हे काम आत्ताच, उन्हाळ्यात करा, खड्डे महिनाभर तापू द्या. भरताना निघालेलीच माती, तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. लाल माती विकत आणून खड्डा भरायची पद्धत मी सोडून दिली. मुळे त्या मऊ मातीतच गोल फिरत बसतात, बाहेरच्या खऱ्या जमिनीत जायला तयार होत नाहीत.

रोप घेताना उंचीवर भाळू नका. आठ-दहा फुटांचे तयार झाड लावून मिळते, पहिल्या दिवशी बाग भरल्यासारखी वाटते. पण माझा अनुभव असा की दोन-अडीच फुटांचे निरोगी रोप चार वर्षांत त्याला गाठते आणि पुढे निघून जाते. रोप हातात घ्या, पिशवीचा तळ चाचपा. तळाशी मुळांचे कडे झाले असेल, दोरीच्या वेटोळ्यासारखे घट्ट लागत असेल, तर ते ठेवून द्या. ते वेटोळे जमिनीत जाऊनही सुटत नाही. खोड जाड होत जाते तसे मुळेच त्याला आवळतात आणि सात-आठ वर्षांचे झाड वादळात मुळापासून आडवे होते. मी अशी पडलेली झाडे उलटी करून पाहिली आहेत. मुळांचा आकार हुबेहूब पिशवीचा असतो.

लावणी पहिला दमदार पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोज तांब्याभर पाणी घालायची सवय सोडा. त्याने मुळे वरच राहतात. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, भरपूर. आळे खोडापाशी न करता फांद्यांच्या टोकाखाली गोल करा आणि दर वर्षी बाहेर सरकवत न्या. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. पाचव्या वर्षापासून जांभूळ, करंज, खिरणी यांना पाणी बंद केले तरी चालेल. बकुळीला मेमध्ये एक-दोनदा द्या.

ही यादी सासवडसारख्या कोरड्या पठारासाठी आहे. कोकणात कुणी वाचत असेल तर तुमची निवड याहून कितीतरी श्रीमंत आहे: सुरंगी, उंडी, नागकेशर, रातांबा. रातांब्याचे कलमच घ्या. बियांपासून केलेल्या रोपांत बरीच नराची निघतात आणि फळाची वाट बघत वर्षे जातात. महाबळेश्वर-पाचगणीकडे घर असेल तर अंजनीला पर्याय नाही. निळ्या फुलांनी फांद्या लगडलेल्या पाहायला मार्चमध्ये जाच. पण तिथून रोप उपटून सासवडला आणू नका, कृपा करून.

आता कडुनिंब. ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पाने टाकतो म्हणून तुम्हाला बाग उजाड वाटते, पण एप्रिल लागता लागता तो पुन्हा भरतो, मोहरतो. आणि तो नैर्ऋत्येला आहे, याहून चांगली जागा कुणी ठरवूनही दिली नसती. दुपारनंतर त्याची सावली पूर्वेकडे सरकते. त्या सावलीच्या पट्ट्यात, निंबाच्या खोडापासून बारा-पंधरा फुटांवर, घराच्या न्हाणीचे पाणी नळीने जिथे सहज पोचेल तिथे सीता अशोकाचा खड्डा घ्या. साबण कमी असलेले पाणीच सोडा, आणि पहिली तीन वर्षे पश्चिमेच्या अंगाला ज्वारीच्या कडब्याचा आडोसा करा. फेब्रुवारीत निंबाची पाने झडून सावली विरळ होईल ते महिनाभर वरूनही थोडा कडबा टाका. तेवढा एक महिना त्याला जपलेत की तो तुमच्याकडे रुळेल.